टाचेला ब्रेक हवा की नको? इनलाइन हॉकीचे पहिले स्केट्स निवडताना

इनलाइन हॉकी, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट्स घालून खेळायची हॉकी, शिकायचं ठरलं की माणूस सगळ्यात जास्त वेळ स्टिक निवडण्यात घालवतो. मीही घालवला. पहिल्याच सामन्यात पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चपटी चकती, तीनदा माझ्याकडे आला आणि तिन्ही वेळा मी त्याला ओलांडून थेट बोर्डवर, मैदानाभोवतीच्या कठड्यावर, जाऊन आदळलो. स्टिकचा काही दोष नव्हता, मला थांबताच येत नव्हतं. म्हणून इथे तुलना स्केट्सची. फिरायला किंवा व्यायामाला वापरतात ते फिटनेस स्केट्स एकीकडे, हॉकीचे स्केट्स दुसरीकडे.

शेजारी ठेवून बघितले तर पहिला फरक टाचेपाशीच दिसतो. फिटनेस स्केट्सना, बहुतेक वेळा उजव्या पायाला, मागे रबरी ब्रेक असतो. पाय थोडा पुढे सरकवायचा, चवडा उचलायचा, रबर जमिनीला घासतं आणि वेग मरतो. नवशिक्याला हे तासाभरात जमतं. हॉकी स्केट्सना ब्रेक नसतो, आणि त्याला कारण आहे. मागे जाताना पायावर पाय टाकून वळायचं असतं तेव्हा टाचेमागचा तो गोळा दुसऱ्या स्केटमध्ये अडकतो. शिवाय हॉकीत थांबणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे, थांबून लगेच उलट दिशेला सुटणं. चवडा हवेत आणि वजन टाचेवर असताना ते कसं होणार?

दुसरा फरक बुटात आहे. फिटनेसचा बूट मऊ, आतून गादीसारखा, बाहेरून प्लॅस्टिकची कड आणि बकल. पाय पटकन जातो, पटकन निघतो. हॉकीचा बूट वर घोट्यापर्यंत लेसने आवळायचा, आणि बोटांवर टणक टोपी. ही टोपी शोभेची नाही. समोरच्याची स्टिक, पक, कुणाचं तरी चाक, सगळं आधी तुमच्या अंगठ्याला भेटतं. मऊ बुटात एकदा पक बसला की फरक समजावून सांगावा लागत नाही.

तिसरा फरक चटकन दिसत नाही, पण खेळताना सगळ्यात जास्त तोच जाणवतो. फिटनेस स्केट्सची चाकं साधारण 80 ते 100 मिलिमीटरची आणि फ्रेम, म्हणजे चाकं बसवलेली बुटाखालची पट्टी, लांब. सरळ रस्त्यावर मस्त, एका ढकलण्यात लांब जातात. हॉकीची फ्रेम आखूड, चाकं 72 ते 80 मिलिमीटर. बऱ्याच जोड्यांत पुढची दोन चाकं 76 ची आणि मागची दोन 80 ची असतात, त्यामुळे शरीर आपोआप पुढे कलतं आणि गुडघे वाकलेले राहतात. पहिल्या दिवशी वाटतं आपण तोंडावर पडणार. आठवड्याभराने सरळ उभ्या रचनेचे स्केट्स घातले तर तेच विचित्र वाटतात.

इनलाइन हॉकीत गोलरक्षक सोडून प्रत्येक बाजूला चारच खेळाडू असतात, बर्फावरच्या हॉकीत पाच. अंगावर धडक मारून अडवायलाही परवानगी नसते. म्हणजे जागा जास्त, आणि ती मिळवायची ती वळून आणि थांबून. बर्फावर स्केटचं पातं आडवं केलं की बर्फ खरवडला जातो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. चाक तसं खरवडत नाही, ते जमीन पकडतं. म्हणून इथे आधी शिकायचं ते मागचा पाय आडवा धरून चाकं घासत थांबणं, ज्याला टी-स्टॉप म्हणतात. त्याच्या जोडीने दोन्ही पाय फाकवून, चवडे आत वळवून टाचा बाहेर रेटणं, आणि मग आवळून गोल वळसा घेत वेग मारणं. बर्फासारखं आडवं घसरून थांबणं चाकांवरही जमतं, पण ते नंतरचं, आणि त्यात चाकं भराभर झिजतात.

मग घ्यायचे कुठले? हॉकीच खेळायची हे पक्कं असेल आणि घरात काहीच नसेल, तर पहिल्या दिवसापासून हॉकीचेच घ्या. फिटनेसवर शिकून मग बदलू, हा हिशेब मला पटत नाही. ब्रेकवर बसलेली सवय मोडायलाच निम्मा हंगाम जातो. एका बाबतीत मात्र मी उलटं सांगेन: ज्यांच्याकडे फिटनेस स्केट्स आधीच पडून आहेत त्यांनी नवं काही न घेता त्यावरच सुरुवात करावी, फक्त खेळात न उतरता. पुढे-मागे जाणं, वळणं, पडून उठणं एवढं त्यावर उत्तम होतं. पाय वाढत्या वयातल्या मुलांसाठी माप कमी-जास्त करता येणारे स्केट्सही एवढ्यापुरते चालतात.

हॉकीचा बूट घेताना रोजच्या चपला-बुटांचा नंबर विसरा. बहुतेक हॉकी स्केट्स त्यापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. मी आपला नेहमीचा नंबर सांगून मोकळा झालो आणि वर जाड मोजे घातले. टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जायची, घोटा आत मुडपायचा, आणि दोष मी माझ्या पायांना देत होतो. बरोबर बुटात सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकतात आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकतात. टाच मात्र हलता कामा नये. पातळ मोजे घालूनच बघा, आणि दहा मिनिटं पायात ठेवून उभे राहा. दुखरी जागा दोन मिनिटांत समोर येत नाही.

जुनी जोडी मिळाली तर बूट आधी बघू नका, स्केट उलटा करा. चाकांची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली असेलच, ते चालतं. चाकं काढून डाव्याची उजव्याला करायची, झिजलेली कड बाहेर येईल अशी, आणखी काही महिने निघतात. पुढे-मागे वेगळ्या आकाराची असतील तर 76 च्या जागी 76 च, हे लक्षात ठेवून. फ्रेमला तडा असेल किंवा ती वाकडी असेल तर मात्र फुकट मिळाली तरी सोडा. हेल्मेटही जुनं घेऊ नका, त्याने आधी काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही. हातमोजे, गुडघा-नडगीचे गार्ड, कोपराचे पॅड जुने चालतात, धुतले की झालं. चेहऱ्यापुढे जाळी हवीच.

चाकांचा टणकपणा आकडा आणि पुढे ‘ए’ असा लिहिलेला असतो. आकडा लहान तितकं चाक मऊ. बंदिस्त रिंकच्या प्लॅस्टिक टाइलवर 74ए ते 76ए पकड देतात. तीच चाकं सिमेंटच्या कोब्यावर नेली तर खोडरबरासारखी झिजतात, तिथे 82ए किंवा त्याहून कडक हवीत. सराव कुठे होणार ते ठरल्याशिवाय चाकं घेऊ नका, बेअरिंगवरच्या आकड्यांकडे तर आत्ता बघायलाही नको. कोब्यावर पकही त्रास देतो. बर्फावरचा पक 156 ते 170 ग्रॅमचा असतो, इनलाइनचा त्याहून हलका आणि खाली सरकायला छोट्या टोप्या असलेला. खडबडीत जमिनीवर तो उड्या मारतो, कडेवर उभा राहून पळतो. तिथे बॉलच बरा.

स्टिकचं सांगतो म्हणजे ते राहायला नको. लाकडी चालेल, लांबी स्केट्स घालून उभं राहिल्यावर हनुवटीपर्यंत. फील्ड हॉकीत डाव्या हाताची वेगळी स्टिक नसते, इथे असते. लांब दांड्याचा झाडू घेऊन झाडायला लागा. जो हात आपोआप खाली जातो, त्या बाजूची घ्या.

आणि फिटनेसवर सुरुवात केलेल्यांसाठी: दोन्ही पायांनी, हो, डाव्यानेही, सलग दहा वेळा टी-स्टॉप ठरवलेल्या रेघेवर जमला की ब्रेकचा स्क्रू काढा. रबर पिशवीत टाका, फेकू नका. पहिल्या दिवशी सवयीने चवडा उचलाल, मागे काहीच नसेल आणि बूड आपटेल. माझं आपटलं होतं.