क्रिस्टलडिस्कइन्फो: दिवाळीपासून लगीनसराईपर्यंतचा अनुभव

लग्नाचं शूटिंग-एडिटिंग हा माझा धंदा, स्टुडिओ नाशिकच्या पंचवटीत. एडिटिंगच्या पीसीत चार हार्ड डिस्क आणि कपाटात जुन्या डिस्कची चळत. दिवाळीनंतर डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर टाकलं, तेव्हापासून ते रोज चालू आहे. फुकट आणि हलकं. घेताना मात्र साधी आवृत्ती घ्या. दुसरीही मिळते, तिच्यात ॲनिमेतली मुलगी स्क्रीनवर येऊन बसते. नवरीच्या वडिलांसमोर ते बरं दिसत नाही.

डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, म्हणजे स्मार्ट, ती हे वाचून दाखवतं. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे डेटा आधी काढा. आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या मोजणीत येतात, ते फंक्शन मेनूतून दशमान करून घ्या. आणि सगळ्या ओळी वाचत बसू नका. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ समोर अवाढव्य आकडे असतात, ते बघून पहिल्यांदा छातीत धस्स होतं, पण ते नेहमीचंच आहे. बघायच्या ओळी ०५, सी५ आणि सी६, तिन्ही खराब सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवर डेटा लिहायच्या छोट्या जागांच्या.

लग्नाच्या तिथी ऐन भरात असताना एक डिस्क पिवळी झाली. सी५ समोर ८. सी५ म्हणजे वाचता न आलेले, पण अजून बाद न ठरलेले सेक्टर. त्या जागी पुन्हा काही लिहिलं गेलं की एकतर सेक्टर सुधारतो आणि आकडा उतरतो, नाहीतर डिस्क राखीव साठ्यातला सेक्टर त्याच्या जागी लावते आणि ०५ वाढतो. नव्या डिस्कमध्ये एक प्रत्यक्ष सेक्टर ४ केबीचा असतो, म्हणजे ५१२ बाइटचे आठ. त्यामुळे ८ हा आकडा बऱ्याचदा एकाच खराब जागेचा असतो. एमजी रोडवरचा दुकानदार म्हणाला, “चालतेय ना भो, मग चालू दे की.” मी त्याच रात्री सगळं दुसरीकडे कॉपी केलं. पुढच्या आठवड्यात ८ चे ४० झाले, ०५ पण हलला, आणि नंतर फाइल उघडताना पीसी अडकायला लागला. तोवर त्या डिस्कवर माझं काहीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या डिस्कवर सी७ सारखा वाढत होता. हा सीआरसीचा आकडा, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुकांचा. साटा केबल बदलली, वाढ थांबली. जुना आकडा शून्यावर येत नाही, तो तसाच राहतो. वाढतोय का एवढंच बघायचं.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तापमानाची भीती वाटायची. पण गूगलने २००७ मध्ये स्वतःच्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला, त्यात तापमानाचा आणि बिघाडाचा संबंध वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त टोचते: बिघडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी स्मार्टमध्ये एकही चूक दाखवली नव्हती. म्हणजे निळा रंग ही हमी नाही. २०१५ च्या सिंहस्थाचं माझं फुटेज निळ्या डिस्कवरच आहे, तरी त्याची एक प्रत नाशिकरोडला ताईच्या घरी ठेवली. बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअपची कंपनी, तिथले लोक पाच आकडे बघतात. माझ्या तीन ओळींशिवाय बीबी (दुरुस्त न झालेल्या चुका) आणि बीसी (वेळेत पूर्ण न झालेल्या आज्ञा). मीही आता तेवढे बघतो.

उणं काय? कपाटातल्या डिस्क बंद असतात, त्यांचं याला काहीच कळत नाही. यूएसबी डॉकमधून, म्हणजे सुटी डिस्क पीसीला जोडायच्या खोक्यातून लावाव्यात, तर स्वस्तातले काही डॉक स्मार्टची माहिती पुढे जाऊच देत नाहीत. माझा बदलावा लागला. आणि अख्खी डिस्क तपासणारी लाँग टेस्ट यातून मला चालवता येत नाही, त्यासाठी स्मार्टमोनटूल्स वेगळं टाकलंय. ४ टीबीच्या डिस्कला ती टेस्ट कित्येक तास घेते, म्हणून रात्री शटर ओढताना लावून जातो.