७७९ डॉलर, एक लाल स्कूटर आणि लॅमिनेट केलेला पास

बँकेच्या स्टेटमेंटवर दोन ओळी आहेत, डिस्ने वर्ल्डसाठी स्कूटर भाड्याने देतो म्हणणाऱ्या एका ठकाने नेलेल्या पैशांच्या. एक ६८४ डॉलरची, आणि तिच्यानंतर साडेतीन आठवड्यांनी आलेली ९५ डॉलरची. पहिलीचा राग येतो, दुसरीची लाज वाटते. पहिली रक्कम कुणाचीही गेली असती, असं मी अजून म्हणते. दुसरी पाठवताना मात्र मी ऑर्लॅंडोच्या हॉटेलच्या लॉबीत उभी होते, स्कूटर आलेली नव्हती, समोर कुणी माणूस नव्हता, आणि तरी मी बोट दाबलं.

सासूबाई सहा महिन्यांसाठी सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या होत्या. दोन्ही गुडघे संधिवाताने धरलेले. घरात, दुकानात काही वाटत नाही. दहा-पंधरा मिनिटं झाली की नजर बसायला जागा शोधते, आणि तोंडाने "मला काही होत नाही गं" चालूच. नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनामुळे इथल्या शाळांना गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. त्या आठवड्यात अर्धी न्यू जर्सी डिस्ने वर्ल्डला लोटते, म्हणून त्याला 'जर्सी वीक'च म्हणतात. २०२४ च्या त्या लोंढ्यात आम्हीही होतो. नऊ वर्षांचा मुलगा आजीशिवाय यायला तयार नव्हता. आणि तिथे चालणं म्हणजे काय, ते जाऊन आलेल्यांना विचारा. मॅजिक किंगडमला तर गाडी लावली तरी गेट येत नाही, तिथून पुढे मोनोरेल किंवा बोट. दिवसाला आठ-दहा किलोमीटर सहज होतात.

इथल्या आपल्या लोकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली होती. लाल रंगाची बॅटरीवरची स्कूटर, चालणं न झेपणाऱ्यांनी बसून फिरायची, डाव्या हँडलला निळी कापडी पिशवी अडकवलेली, मागे ताडाची झाडं. चार दिवस स्कूटर, हॉटेलवर पोचवून देऊ, आणि 'डॅस पासही काढून देऊ'. डॅस म्हणजे अपंगत्वामुळे रांगेत थांबू न शकणाऱ्यांना डिस्ने देतं ती सवलत. माझा नवरा त्या पासाला आता डास म्हणतो. चावला खरा.

हिशोब असा: स्कूटर दिवसाला ३८ प्रमाणे चार दिवसांचे १५२. परत मिळणारं डिपॉझिट २००. पासाची 'फाइलिंग फी' माणशी ७९, चौघांचे ३१६. विमा १६. एकूण ६८४. झेलने (खात्यातून खात्यात थेट पैसे पाठवायची सोय) पाठवा, कार्ड घेतलं तर तीन टक्के जास्त लागतील, असं तो जाहिरातवाला म्हणाला. वीस डॉलर वाचवायला मी झेल केलं. हे वाक्य लिहिताना पुन्हा संताप येतो, स्वतःचाच.

आता कुणी म्हणेल, एवढं शिकलेली बाई, चौकशी नाही केली? केली. वेबसाइट होती, फोन पहिल्या रिंगला उचलला जात होता, माणूस अदबीने बोलत होता, सासूबाईंचा उल्लेख 'माताजी' असा करत होता. ग्रुपमधल्या दोघांनी अंगठा दिला होता. (नंतर विचारलं तर दोघांनीही त्याच्याकडून कधी काही घेतलेलं नव्हतं. "जाहिरात चांगली वाटली म्हणून" अंगठा.) वेबसाइट पाच आठवड्यांपूर्वीच नोंदवलेली होती, हे मला पैसे गेल्यावर कळलं, डोमेनची तारीख बघायला एक मिनिट लागतं आणि फुकट दिसते. फ्लोरिडात नोंदलेली कंपनी राज्याच्या 'सनबिझ' साइटवर नावाने शोधता येते, तेही फुकट. मी शोधली नाही.

पण खरी खूण यांतली कुठलीच नव्हती. खूण फोनवरच मिळाली होती. त्याने सासूबाईंचं वजन विचारलं नाही.

स्कूटर भाड्याने देणारा कुणीही आधी वजन विचारतो. प्रत्येक मॉडेलला मर्यादा असते, हलकी घडीची गाडी एकाला चालते तर दुसऱ्याला मोठी लागते. उंची विचारतात, आधी कधी चालवली आहे का विचारतात. याने काय विचारलं? हॉटेलात कधी पोचणार, पैसे कधी पाठवणार, आणि माताजींच्या पासपोर्टचा फोटो. मी स्वतःहून म्हणाले, "त्या जरा जाड आहेत, चालेल ना?" तर म्हणतो, "मॅडम, सब चलेगा." आपल्या गिऱ्हाइकाचं वजन ज्याला जाणून घ्यायचं नाही, त्याच्याकडे त्याला बसवायला काही नाही. एवढं सरळ होतं. मला त्या वेळी उलट बरं वाटलं, की चला, कटकट नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जीभ अडते, पण ती वगळून हे लिहिण्यात अर्थ नाही. तो म्हणाला, गुडघ्यांवर डॅस मिळत नाही, आपण माताजींना स्मरणाचा त्रास आहे असं भरू, डिस्नेशी व्हिडिओ कॉल आमचा माणूस करेल. मी गप्प राहिले. हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. सासूबाई, ज्यांना १९७४ सालच्या आपल्या लग्नात कुणी किती आहेर केला ते तोंडपाठ आहे, त्यांच्या स्मरणाबद्दल! मला वाटत होतं ते एवढंच, की त्यांना तासतास उभं राहावं लागू नये. आणि हो, आमचीही रांग वाचली असती. ते खोटं कशाला सांगू.

तर नीट ऐका. डिस्नेचा डॅस फुकट असतो. २०१३ च्या ऑक्टोबरात तो जुन्या कार्डाच्या जागी आला, कारण त्या कार्डाचा बाजार झाला होता; रांगा टाळायला लोक अपंग 'गाइड' भाड्याने आणत असल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या होत्या. २०२४ च्या मे महिन्यापासून फ्लोरिडात तो ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींमुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत थांबता येत नाही, त्यांच्यासाठी आहे. गुडघे, कंबर, दम, यांसाठी नाही. जिच्यासाठी पास हवा ती व्यक्ती स्वतः कॉलवर हवी. आणि खोटं बोललेलं उघड झालं तर पार्कात कायमची बंदी येऊ शकते. म्हणजे तो माणूस खरा निघाला असता तर आमचं जास्त वाटोळं झालं असतं.

पास पीडीएफने आला. सासूबाईंचा फोटो, खाली क्यूआर कोड, सोनेरी किनार. मी तो ऑफिसात रंगीत छापला आणि लॅमिनेट केला. चार प्रती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला सासूबाई तयार होऊन लॉबीत बसल्या होत्या. गुडघ्याला पट्टा, पायांत नवे पांढरे बूट, मांडीवर पर्स. साडेसातला स्कूटर यायची होती. आठला मेसेज: ड्रायव्हर चुकीच्या हॉटेलात गेला, त्याला पुन्हा पाठवायचे ९५ डॉलर, डिपॉझिटबरोबर परत मिळतील. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, मी चालेन हळूहळू." त्यांच्या त्या 'हळूहळू'नेच मला पाठवायला लावलं. हा माझा बचाव आहे आणि तो मी सोडणार नाही. पावणेनऊला त्याचा फोन बंद झाला. हॉटेलच्या सामान ठेवणाऱ्या मुलाने सांगितलं की बाहेरची बहुतेक कंपनी इथे गाडी ठेवून जाऊच शकत नाही, गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी लागते. डिस्नेच्या हॉटेलांत २०१९ पासून तसा नियम आहे. मला तर "तुम्ही यायची गरज नाही, बेल डेस्कवर ठेवू" असं सांगितलं होतं, आणि मी त्याला सोय समजले होते.

पार्कात पोचायला साडेदहा वाजले. गेस्ट रिलेशन्सच्या खिडकीतल्या बाईने माझा लॅमिनेट केलेला पास हातात घेतला, उलटा केला, मागे काही नाही म्हणून पुन्हा सुलटा केला. मग आवाज खाली आणून म्हणाली, डॅस कागदावर नसतोच, तो तिकिटाला जोडलेला असतो. मागे रांग होती. मुलगा विचारत होता, "आपला पास फेक आहे का?" ती बाई शब्दानेही टोचून बोलली नाही, हे सांगायला हवं. उरलेले तीन पास मी पर्समधून काढलेही नाहीत.

पार्कातल्या भाड्याच्या स्कूटर तोवर संपल्या होत्या. त्या आधी राखून ठेवता येत नाहीत, लवकर येईल त्याला मिळतात. त्या दिवशी १२ डॉलरची व्हीलचेअर घेतली, नवऱ्याने ढकलली. पुढचे तीन दिवस गेट उघडायला हजर राहून ६५ डॉलरने स्कूटर घेतली, वर २० डिपॉझिट, ते संध्याकाळी परत. म्हणजे २०७. एकूण ९८६ डॉलर, त्यातले २०७ कामाचे.

आणि गंमत बघा, पासाची गरजच नव्हती. बहुतेक रांगांत व्हीलचेअर आणि स्कूटर सरळ जातात. म्हणजे सासूबाई रांगेतही बसलेल्याच होत्या, आम्हीच उभे होतो. जिथे रांग अरुंद किंवा पायऱ्यांची, तिथे दारावरचा माणूस परत यायची वेळ देतो. जंगल क्रूझला लिफ्टची बोट आहे, खुर्चीसकट चढवतात. हॉन्टेड मॅन्शनला खुर्चीतून उठून बसावं लागतं, पण सांगितलं की सरकता पट्टा सावकाश करतात. कुठे उठावं लागतं आणि कुठे नाही, ते पार्काच्या नकाशावर राइडगणिक दिलेलं असतं. मला हे एका संध्याकाळी फुकट वाचता आलं असतं. मेन स्ट्रीटवरच्या ट्रॉलीच्या रुळांवर स्कूटरचं चाक तिरपं घालू नका, अडकतं. आमचं अडकलं.

आता परत आल्यावरचं. बँकेत ५२ मिनिटं फोनवर गाणं ऐकलं. मग एक मुलगा: "व्यवहार तुम्हीच मंजूर केला ना?" हो. "मग ही फसवणूक आमच्या व्याख्येत बसत नाही." कुणी तुमच्या खात्यातून परस्पर पैसे काढले तर कायदा तुमच्या बाजूने, ठकाच्या शब्दाला भुलून तुम्ही स्वतः पाठवले तर तुमचं तुम्ही बघा. क्रेडिट कार्ड असतं तर स्टेटमेंटपासून ६० दिवसांत वाद घालता आला असता. तीन टक्के! पुन्हा फोन केला, पुन्हा तेच गाणं, वेगळा मुलगा, तेच वाक्य. लेखी अर्जाला उत्तर आलं, त्यात माझं नावही चुकीचं.

आमच्या गावचे पोलीस म्हणाले, फ्लोरिडात घडलं, तिकडे सांगा. तिकडचे म्हणाले, पैसे न्यू जर्सीतून गेले, तिकडे सांगा. मी म्हटलं, तुम्ही दोघं एकमेकांशी बोला की! ऑनलाइन तक्रार भरा, असं दोघांनीही सुचवलं, तेवढ्यावर एकमत. भरली. केंद्र सरकारच्या साइटवर दीड तास घालवला, शेवटी एक क्रमांक आणि खाली ओळ की आम्ही एकेकट्याची तक्रार सोडवत नाही. राज्याच्या ग्राहक खात्याने त्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. ठकाला पत्र! ते परत आलं, त्या पत्त्यावर टपालपेट्यांचं दुकान होतं. पत्र परत आल्याचं मला कळवून खात्याने फाइल बंद केली. फोन नंबर दिला होता, खात्याचं नाव दिलं होतं, मेसेजचे २३ स्क्रीनशॉट दिले होते. कुणी उघडले असतील असं वाटत नाही.

पैशांपेक्षा पासपोर्टचा फोटो छळतो. जन्मतारीख, सही, सगळं त्या माणसाकडे आहे. स्कूटरला पासपोर्ट लागत नाही. पार्कात घेतली तेव्हा कुणी मागितलाही नाही.

सासूबाई सांगलीला परतल्या. फोनवर नणंदेला जंगल क्रूझच्या लिफ्टबद्दल सांगतात, स्कूटरबद्दल नाही. माझी लाज राखतात, हे मला कळतं.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर नवीन जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा, दिवसाला ४२ डॉलर. स्कूटर लाल, डाव्या हँडलला निळी कापडी पिशवी, मागे ताडाची झाडं. खाली सहा अंगठे होते.