पाऊण तासात काय शिकवावं? रिपोर्टिंग सॉफ्टवेअरच्या छोट्या सत्रांसाठी विषयांची तुलना

पाऊण तासाचं प्रशिक्षण सत्र प्रत्यक्षात अर्ध्या तासाचं असतं. पहिली पाच-सात मिनिटं "माझी स्क्रीन दिसतेय का?" यात जातात आणि शेवटची दहा प्रश्नोत्तरांत. उरलेल्या वेळात एकच गोष्ट नीट दाखवून होते, फार तर दीड. म्हणून मोठ्या कोर्सचे तुकडे पाडून छोटी सत्रं तयार होत नाहीत. तीन दिवसांच्या कोर्समध्ये जो विषय सगळ्यात आधी घ्यावा लागतो, तो इथे यादीतून चक्क बाहेर ठेवावा लागू शकतो.

विषय ठरवायचं काम ज्यांच्या गळ्यात पडलंय, त्यांच्यासाठी नेहमी पुढे येणारे पर्याय इथे शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. उदाहरणं बहुतेक मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरची आहेत, कारण माझ्या हातात रोज तेच असतं. टॅब्लो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना बटणांची नावं बदलून वाचावं लागेल, निवड मात्र फारशी बदलणार नाही.

नवीन फीचर्स की जुनं दुखणं?

"या महिन्यात नवीन काय" हा विषय सगळ्यात सोयीचा. पॉवर बीआय डेस्कटॉपची नवी आवृत्ती साधारण दर महिन्याला येते, त्यामुळे विषय कधी आटत नाही. तयारीही बेताची: नवी बटणं दाबून दाखवायची. नव्याची नवलाई असते, गर्दी होते. मी घेतलेलं पहिलं सत्र असंच होतं. सगळे "मस्त झालं" म्हणाले, आणि पुढच्या महिन्याभरात त्यातली एकही गोष्ट कुणाच्या रिपोर्टमध्ये उतरली नाही. बहुतेकांना न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर मी देत होते.

त्याच्या शेजारी जुनं दुखणं ठेवा: "माझी एक्सेलमधली बेरीज आणि रिपोर्टमधली बेरीज जुळत नाही." नवीन काहीच नाही. पण हे वाक्य उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याची स्वतःची फाइल उघडते. शिवाय टिकाऊपणाचाही फरक आहे. बटणाची जागा पुढच्या आवृत्तीत हलली की नव्या फीचरच्या सत्राचं रेकॉर्डिंग जुनं होतं. बेरीज का चुकते याचं कारण हलत नाही.

माझा कौल जुन्या दुखण्याला. नव्या फीचर्ससाठी चार ओळींचा मेल पुरतो. अपवाद एवढाच, की एखाद्या बदलामुळे रोजच्या कामाचा रस्ताच वेगळा झाला असेल तर.

हे दुखणं सापडतं कुठे? स्वतःच्या मेलबॉक्समध्ये. गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला आलेले प्रश्न चाळा. जो तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारलाय तो विषय. सर्वेक्षणाचा फॉर्म पाठवून "तुम्हाला काय शिकायला आवडेल?" असं विचारण्याचा उद्योग मी दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर आलं "ॲडव्हान्स्ड". कशातलं, ते कुणी लिहिलं नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी की बनवणाऱ्यांसाठी?

प्रशिक्षण म्हटलं की डोळ्यांसमोर रिपोर्ट बनवणारे येतात. पण कुठल्याही कंपनीत रिपोर्ट बनवणारे मूठभर आणि उघडून बघणारे ढीगभर. आणि मूठभरांचा अर्धा दिवस ढीगभरांच्या फोनमध्ये जातो.

एक नमुना सांगते. एका विभागप्रमुखांचा दर सोमवारी फोन यायचा, "आकडा चुकलाय." आम्ही तपासायचो, आमच्याकडे आकडा बरोबर. शेवटी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. मागच्या शुक्रवारी त्यांनी स्लायसरमध्ये, म्हणजे रिपोर्टवरच्या फिल्टरच्या चौकटीत, एकच विभाग निवडला होता. ऑनलाइन रिपोर्ट वाचताना पॉवर बीआय तुमची निवड लक्षात ठेवतं. पुन्हा उघडलं की मागचे फिल्टर तसेच. सोमवारी ते एकाच विभागाचा आकडा पूर्ण कंपनीचा समजून बघत होते. वरच्या पट्टीत रीसेटचं बटण आहे, एका क्लिकचं काम. ते कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

वाचणाऱ्यांच्या अर्ध्या तासात एवढं आरामात बसतं: फिल्टर कुठे लागलाय ते ओळखणं आणि रीसेट करणं, एका तक्त्यावर क्लिक केल्यावर शेजारचे का बदलतात, एका आकड्याच्या पोटात शिरून तपशील कसा बघायचा, आणि एक्सेलमध्ये डेटा कसा न्यायचा. शेवटच्या मुद्द्यावर मर्यादा सांगूनच टाका, कारण ती न सांगता चुकीचे निष्कर्ष निघतात: तक्त्यातून डेटा बाहेर काढताना सीएसव्ही फाइलमध्ये ३०,००० ओळी आणि एक्सेल फाइलमध्ये १,५०,००० ओळी एवढंच मिळतं. कुणी तेवढ्यावरच बेरीज मारतं आणि मग "रिपोर्ट चुकलाय" असा मेल येतो.

बनवणाऱ्यांच्या सत्राला मान जास्त, उपयोग हळूहळू. वाचणाऱ्यांच्या सत्राचा फरक दुसऱ्या दिवशी फोनच्या संख्येत दिसतो. दोन्ही गट एकत्र बसवू मात्र नका. वाचणारे कंटाळतात, बनवणारे मोबाइल काढतात.

पॉवर क्वेरी की डॅक्स?

बनवणाऱ्यांसाठी खरी लढत ही आहे. मागणी नेहमी डॅक्सची असते. सूत्रांची भाषा म्हटली की तिला एक वलय असतं, आणि नोकरीच्या मुलाखतीतही तेच विचारतात. डेटा साफ करणारी पॉवर क्वेरी बिचारी मोलकरणीसारखी.

छोट्या सत्रासाठी मी तरीही आधी पॉवर क्वेरी घेईन. कारण तिची बाजू डोळ्यांना दिसते. उजवीकडे पायऱ्यांची यादी असते, कुठल्याही पायरीवर क्लिक केलं की त्या क्षणी डेटा कसा होता ते समोर येतं. चूक दाखवायला आणि पकडायला याहून सोपी जागा नाही.

तारखांचंच घ्या. फाइलमध्ये तारखा दिवस-महिना-वर्ष अशा लिहिलेल्या, आणि सेटिंग महिना-दिवस-वर्ष अशी. कॉलमचा प्रकार "तारीख" केला की ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल गुपचूप ४ मार्च होते. १३/०४ ला मात्र जागा नाही, तेरावा महिना नसतो, म्हणून तिथे एरर. आता घाईत असलेला माणूस काय करतो? उजवं क्लिक, "रिमूव्ह एरर्स". लाल खुणा गेल्या, समाधान झालं. प्रत्यक्षात प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेपासूनचा सगळा धंदा पुसला गेला, आणि उरलेल्यातला बराचसा भलत्याच महिन्यात जाऊन बसला. उपाय दोन क्लिकचा आहे: प्रकार बदलताना "युझिंग लोकेल" निवडायचं आणि तारीख कुठल्या पद्धतीची आहे ते सांगायचं. हे सत्र मी अनेकदा घेतलंय. रिमूव्ह एरर्सच्या क्षणी खोलीत कुणीतरी हमखास गप्प होतं.

दुसरा चांगला विषय याच घरातला: मर्ज केल्यावर, म्हणजे दोन टेबल एकमेकांना जोडल्यावर, विक्री वाढते. ग्राहकांच्या यादीत एकच ग्राहक दोनदा असेल, तर त्याची विक्रीची प्रत्येक ओळ दुप्पट होते. यातला एक बारकावा अनुभवी लोकांनाही चकवतो. पॉवर क्वेरी इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं वेगळी मानते, तर पुढचं मॉडेल (साफ झालेले टेबल जिथे एकमेकांशी जोडले जातात ती रचना) ती एकच मानतं. म्हणून "रिमूव्ह डुप्लिकेट्स" करूनही दोन टेबलांमधली रिलेशनशिप जोडताना डुप्लिकेट असल्याची तक्रार येते. माणूस तासभर डोकं खाजवतो.

आता डॅक्स. "डॅक्सची ओळख" असा विषय अर्ध्या तासात घेऊ नका. फिल्टर कॉन्टेक्स्ट (कुठले फिल्टर लागलेत त्यावरून सूत्राचं उत्तर बदलणं) नावाची गोष्ट एका बैठकीत अंगात मुरत नाही. लोक मान डोलावतात आणि परत जाऊन कॉपी-पेस्ट करतात. पण डॅक्समधला एक तुकडा मात्र छोट्या सत्रासाठीच जन्मलेला आहे, तो म्हणजे टक्केवारी.

फळ्यावर दोनच ओळी लिहा. पहिल्या शाखेची विक्री १,०००, नफा ३००, म्हणजे ३० टक्के. दुसरीची विक्री ९,०००, नफा ९००, म्हणजे १० टक्के. एकूण नफा किती टक्के? कॅल्क्युलेटेड कॉलम (टेबलमध्ये सूत्राने भरलेला नवा कॉलम) करून प्रत्येक ओळीची टक्केवारी काढली आणि तक्त्यात सरासरी लावली, तर उत्तर येतं २०. बेरीज लावली तर ४०, निदान ते बघून कुणाला तरी हसू तरी येतं. खरं उत्तर १२ आहे: १०,००० च्या विक्रीवर १,२०० नफा. मेझर (तक्त्यात दाखवताना हिशोब करणारं सूत्र) लिहून आधी दोन्ही बेरजा आणि मग भागाकार केला, की कुठल्याही पातळीवर उत्तर बरोबर येतं, कारण मेझरचा हिशोब तक्त्यातल्या त्या त्या चौकटीपुरता, तिथल्या तिथे होतो. कॉलमचा हिशोब डेटा रिफ्रेश, म्हणजे ताजा, होतानाच ओळीओळीने होऊन बसलेला असतो. कॉलम आणि मेझर यांतला फरक व्याख्येने जितका कळत नाही तितका या २० आणि १२ मध्ये कळतो.

म्हणजे निवड अशी: पॉवर क्वेरीची दोन सत्रं, डॅक्सचं एक आणि तेही फक्त टक्केवारीपुरतं. ज्यांना पूर्ण डॅक्स हवंय त्यांना सलग दोन दिवसांची कार्यशाळा द्या. ती पाऊण तासाच्या पिशवीत मावत नाही.

चार्ट्स की मॉडेल?

चार्ट्सच्या सत्राला लोक आनंदाने येतात. वाईट रिपोर्ट पडद्यावर टाकायचा, सगळ्यांनी मिळून सुधारायचा, अर्धा तास कसा गेला कळत नाही. विषय वरवरचाही नाही. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं, की एकाच पट्टीवर मोजलेल्या लांब्या माणसाला कोनांपेक्षा जास्त अचूक ओळखता येतात. गोल पाय चार्टऐवजी बार चार्ट वापरा, या सल्ल्यामागे हे आहे. सात फाकांचा पाय चार्ट आणि तोच डेटा उतरत्या क्रमाच्या बारमध्ये, असे दोन शेजारी ठेवले की बोलायची गरज पडत नाही.

मॉडेलचं महत्त्व याहून मोठं आहे. मधे व्यवहारांचा टेबल, भोवती तारीख, वस्तू, ग्राहक यांचे टेबल, ही डेटा साठवण्याच्या रचनेतले तज्ज्ञ राल्फ किंबॉल यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली स्टार स्कीमा. हे चुकलं तर वर कितीही सुंदर चार्ट लावा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! पण महत्त्वाचा विषय म्हणजे छोट्या सत्राचा विषय, असं नसतं. अर्ध्या तासात तुम्ही स्टार स्कीमाचं चित्र दाखवू शकता, पण लोकांचा स्वतःचा पसारा त्या आकारात बसवायला बाजूला बसून काम करावं लागतं. मी मॉडेलसाठी सत्र न ठेवता आठवड्यातून एक तास "फाइल घेऊन या" असा ठेवते. चार्ट्सचं सत्र ठेवा, वर्षातून एकच.

रिफ्रेश आणि परवानग्या

यावर फार वेळ घालवायला नको. रिफ्रेशचे नियम कागदावर द्यावेत: प्रो लायसन्सवर दिवसातून ८ वेळा, प्रीमियमवर ४८ वेळा शेड्यूल करता येतं, आणि सलग चारदा फसलं की शेड्यूल आपोआप बंद होतं. वाचून कळतं, त्यासाठी माणसं गोळा करू नयेत.

परवानग्यांमधली एकच गोष्ट प्रत्यक्ष दाखवण्यासारखी आहे. "ज्याला त्याला आपापल्याच ओळी दिसाव्यात" म्हणून रो-लेव्हल सिक्युरिटी लावतात, पण वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेत) त्या माणसाला व्ह्यूअर, म्हणजे फक्त बघणारा, याऐवजी मेंबर किंवा काँट्रिब्युटर केलेलं असेल, तर त्याला सगळंच दिसतं. बनवणाऱ्यांच्या कुठल्याही सत्राच्या शेवटच्या पाच मिनिटांत हे उरकता येतं.

क्रिस्टल रिपोर्ट्स हे जुनं रिपोर्टिंग सॉफ्टवेअर अजून चालू असलेल्या ठिकाणी मात्र यादी थोडी वेगळी करा. तिथे पहिला विषय एकच: सप्रेस केलेली, म्हणजे लपवलेली, ओळ छापली जात नाही, पण साध्या समरीच्या बेरजेत ती धरली जाते. कागदावरच्या ओळी हाताने जोडल्या तर उत्तर वेगळं येतं, आणि हिशेबनीसाचा विश्वास कायमचा उडतो. यावरचा उपाय, म्हणजे अट घातलेलं रनिंग टोटल (ओळीगणिक वाढत जाणारी बेरीज), दाखवायला वीस मिनिटं लागतात.

सहाच तारखा मिळाल्या तर

वाचणाऱ्यांसाठी दोन, एकच विषय, दोन तुकड्यांना. मग तारखा, मर्ज, टक्केवारी या क्रमाने बनवणाऱ्यांची तीन. सहावं चार्ट्सचं, आणि ते मध्येच कुठेतरी टाका, कारण सलग तीन दुरुस्तीची सत्रं झाली की हजेरी ओसरते.

आमंत्रणात विषयाचं नाव लिहिताना सॉफ्टवेअरची भाषा टाळा. "पॉवर क्वेरी: डेटा टाइप्स आणि लोकेल" या नावाने पाठवलेल्या आमंत्रणाला माझ्याकडे पाच जण आले होते. तीच फाइल, तीच उदाहरणं घेऊन पुढच्या खेपेला "१३ तारखेनंतरची विक्री कुठे गेली?" असं लिहिलं, आणि खुर्च्या बाहेरून आणाव्या लागल्या.