मुक्ता फाँट: स्वतःची ओळख लिहायला कसा आहे?

आधी माझी ओळख, कारण हा फाँट घेतला तो त्यासाठीच. मी लालबागची. गिरगावातल्या एका प्रेसमध्ये २६ वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम केलं, त्यात निम्म्याहून जास्त लग्नपत्रिका. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ हे मी झोपेतसुद्धा टाइप करीन. आता निवृत्त. छंद दोनच: जुन्या पत्रिका जमवणं आणि हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढत हिंडणं. भाचा म्हणाला, “मावशी, स्वतःची वेबसाइट काढ की.” काढली. आणि ‘माझ्याविषयी’ या पानाशीच तीन दिवस अडले. जन्मभर दुसऱ्यांची नावं नटवली, स्वतःचं कशात लिहायचं?

प्रेसमधल्या जुन्या फाँटांचा उपयोग नव्हता. ते युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांना कळणाऱ्या एकाच संकेतातले, नव्हते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की वधूच्या नावाच्या जागी नुसती चिन्हं. मंगल हा फाँट ओळखीचा, अक्षरकार आर. के. जोशींनी घडवलेला, विंडोज २०००पासून घरोघरी. पण त्यात मी काहीही लिहिलं तरी मला ते सरकारी परिपत्रक वाटतं. सवयीचा दोष, फाँटचा नाही.

मुक्ता हा मुंबईतल्याच ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या मंडळींचा, गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी केलेला. गुगल फाँट्सवर फुकट मिळतो. परवाना खुला, त्यामुळे वेबसाइटला लावा नाहीतर छापा, कुणी विचारायला येत नाही. एक्स्ट्रा लाइटपासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत सात वेट, म्हणजे अक्षराच्या जाड्या, आहेत. मला दोन पुरले.

नवा फाँट आला की माझी परीक्षा ठरलेली आहे: ‘आचार्यांना दक्षिणा, आचाऱ्यांना बिदागी.’ पहिल्यात रफार, दुसऱ्यात कोयरीच्या कडेसारखा तो अर्धा र. हा दुसरा चुकला की मांडवातला स्वयंपाकी थेट गुरुजींच्या पाटावर जाऊन बसतो. (इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर शिफ्ट दाबून इंग्रजी J ची कळ, मग हलन्त म्हणजे पाय मोडायची खूण, मग य. अजूनही पुष्कळांना माहीत नसतं.) मुक्ताने दोन्ही चोख दिले. बारीक आकारातही तो अर्धा र कुठून तरी उडून आलेल्या डॅशसारखा दिसत नाही, आणि मी इथेच विरघळले.

घोळ झाला तो मथळ्यात. ‘लालबागच्या जुन्या’ ही एक ओळ, खाली ‘मूर्तिशाळांच्या पाट्या’. भाच्याने उचललेला वेबसाइटचा तयार साचा इंग्रजीच्या मापाचा होता, ओळींतलं अंतर अक्षराच्या मापाच्या १.२ पट. वरच्या ‘जु’चा उकार आणि खालचा रफार एकाच पट्टीत येऊन दाटले. इंग्रजीला डोक्यावर मात्रा-रफार आणि पायाशी उकार असं दोन्हीकडून सांभाळावं लागत नाही, म्हणून साचा करणाऱ्यांच्या ते ध्यानातच येत नाही. १.६ केलं, दोघं सुटे झाले. मुक्ता लावणार असाल तर हे पहिल्यांदा बघा, नाहीतर उगाच फाँटला नावं ठेवाल.

अर्धा गुण मी कापणार आहे. रेघ सगळीकडे जवळजवळ एकाच जाडीची, त्यामुळे अक्षर स्वच्छ, पण लाडात येत नाही. हौसेने एक पत्रिका लावून बघितली. मुहूर्त कळवतोय की कर्जाच्या हप्त्याची तारीख, कळेना! पत्रिकेला बोरूचं वळणच हवं.

माझ्या पानाला मात्र हाच बरा. तीन दिवस खोडून शेवटी चारच ओळी राहिल्या: नाव, लालबाग, प्रेस, पाट्या. वन्संना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा न लावता सगळं वाचलं. फाँटबद्दल अवाक्षर नाही. म्हणाल्या, “२६ नाही वहिनी, २७ वर्षं.”