मोटारसायकलच्या चाकाचे बॅलन्सिंग घरच्या पडवीत: एका स्टँडचा दीड वर्षाचा अनुभव

रत्नागिरीत मोटारींचे व्हील बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचे वजन सगळीकडून सारखे करणे, करून मिळते, पण मोटारसायकलचे चाक खांद्यावर घेऊन गेलो तेव्हा आमच्या मशिनवर ते बसत नाही, असे उत्तर मला दोन दुकानांत मिळाले. महामार्गावर ऐंशीच्या पुढे गेले की हँडल थरथरत होते, म्हणून शेवटी 4,200 रुपयांचे बॅलन्सिंग स्टँड ऑनलाइन मागवले.

स्टँडची रचना साधी आहे. दोन उभ्या पायांवर लहान बेअरिंग बसवलेली असून त्यांवर एक लोखंडी शाफ्ट आडवा टेकतो, आणि ॲक्सल काढलेले चाक त्या शाफ्टवर ओवून दोन्ही बाजूंच्या शंकूंनी मधोमध आवळायचे असते. चाक मोकळे सोडले की त्याची जड बाजू सावकाश खाली येऊन थांबते. तिच्या बरोबर समोर, म्हणजे वर, वजन चिकटवत जायचे आणि चाक कुठल्याही स्थितीत सोडले तरी जागचे हलेनासे झाले की काम संपले. प्रकरण ग्रॅमांचे असले, तरी 17 इंची रिमवर 20 ग्रॅमचा फरक राहिला, तर ताशी 80 किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे बारा फेरे घेणाऱ्या चाकावर त्याची ओढ दोन किलोहून अधिक वजनाइतकी होते, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते.

माझी मुख्य तक्रार बेअरिंगविषयी आहे. ती घट्ट ग्रीस भरून आली होती, त्यामुळे पाच ग्रॅमचा तुकडा चिकटवला काय आणि काढला काय, चाकाला त्याचा पत्ताच नव्हता. सील काढून बेअरिंग रॉकेलमध्ये धुतली आणि प्रत्येकीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडला, तेव्हा कुठे तोच तुकडा चाकाला हळूच फिरवू लागला. ही कसरत विकणाऱ्याने ग्राहकावर सोडायला नको होती. शिवाय भाट्याच्या खाऱ्या वाऱ्यात पहिल्याच पावसाळ्यात शाफ्टवर तांबूस गंज धरला. तेव्हापासून काम झाले की तो पुसून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो.

स्टँडचा एक उपयोग मात्र माझ्या हिशेबातच नव्हता. पायाला तारेचा तुकडा बांधून त्याचे टोक रिमच्या अगदी जवळ आणले आणि चाक फिरवले, तेव्हा एका जागी रिम तारेला घासत होती. खड्ड्यात आपटून ती वाकलेली होती. वाकलेली रिम कितीही वजने लावून सुधारत नाही, त्यामुळे आधी ती सरळ करून घेतली, आणि मग पुढच्या चाकाला जेमतेम 15 ग्रॅम पुरले. टायरच्या कडेवर पिवळा ठिपका असेल, तर ती सहसा त्याची सर्वांत हलकी बाजू असते; टायर चढवतानाच ती व्हॉल्व्हपाशी आणली की वजन कमी लागते.

डिस्क आणि चेन यांच्यामुळे मागचे चाक काढणे कंटाळवाणे आहे, एवढे सांगून पुढे जातो. वजने चिकटवण्यापूर्वी रिम स्पिरिटने पुसावी आणि नंतर एक दिवस गाडी पावसात नेऊ नये. ही घाई केल्यामुळे माझ्या दोन पट्ट्या निवळीच्या घाटात गळून पडल्या. आऱ्यांच्या चाकाला चिकटपट्टी नीट बसत नाही, त्यासाठी आऱ्याच्या निपलवर आवळायची वजने मिळतात.

स्टँड घेण्याआधी मी टायरमध्ये सोडायचे बारीक मणीही वापरून पाहिले होते. फिरत्या चाकात ते आपोआप योग्य जागी जातात, असे म्हणतात. पण पंपाच्या दमट हवेने माझे मणी गोळा होऊन बसले, आणि एकदा हवा तपासताना व्हॉल्व्हमधून पांढरी रेव फुर्रकन तोंडावर उडाली. तो प्रयोग मी तिथेच थांबवला.

हे स्टँड फक्त खालीवर होणारा असमतोल दाखवते. चाकाच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक त्याला कळत नाही. शंभर-दीडशे सीसीच्या अरुंद टायरला त्याने बिघडत नाही, मात्र रुंद टायरची मोठी गाडी असेल, तर कोल्हापूर-पुण्याकडे जाणे झाल्यावर मशिनवर एकदा तपासून घ्यावी. घरात दोन दुचाकी असतील आणि बेअरिंग धुण्याची तयारी असेल, तरच हे स्टँड घ्यावे. एकाच गाडीसाठी मी ते पुन्हा घेतले नसते, शेजाऱ्यांना वापरायला देण्यापुरतेच घेतले असते.