पादुआ की सान मार्को? इटलीतल्या एका मोकळ्या दिवसासाठी

व्हेनिसहून फ्लॉरेन्सकडे जाणारी गाडी पादुआवरून जाते. हाताशी एक मोकळा दिवस असला, तर तिथे उतरून संत अंतोनींच्या कबरीपाशी जावं, की तो दिवस फ्लॉरेन्समधल्या सावोनारोलाच्या सान मार्को मठासाठी राखावा? दोघेही भिक्षाव्रती, म्हणजे भिक्षेवर जगणाऱ्या ख्रिस्ती साधूंच्या संघांतले, अंतोनी फ्रान्सिस्कन आणि सावोनारोला डॉमिनिकन. दोघांच्याही प्रवचनांना अख्खं शहर लोटत असे.

अंतोनी मूळचे लिस्बनचे, जन्म ११९५ च्या सुमारास. मोरोक्कोत मारल्या गेलेल्या फ्रान्सिस्कनांचे अवशेष कोइंब्राला आले, तेव्हा त्यांनी आपला जुना संघ सोडला आणि स्वतःच मोरोक्कोला निघाले. आजारपणामुळे परतावं लागलं, आणि जहाज वाऱ्याने भरकटून सिसिलीला लागलं. पुढे फोर्ली इथे आयत्या वेळी बोलायला उभं केलं, तेव्हा कुठे त्यांची वाणी लोकांना कळली. १३ जून १२३१ ला ते वारले आणि वर्षाच्या आत संत घोषित झाले. गोव्यात शिवोलीचं चर्च त्यांच्याच नावाचं आहे, आणि हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्यांना साकडं घालणारे आपल्याकडेही पुष्कळ आहेत.

मला मात्र त्यांची थोरवी दिसते ती १५ मार्च १२३१ च्या पादुआच्या कायद्यात. कर्ज फेडता न आलेल्या माणसाने आपली मालमत्ता देऊन टाकली, तर त्याला तुरुंगात डांबायचं नाही, असं शहराने ठरवलं, आणि ते अंतोनींच्या विनंतीवरून केल्याची नोंदही केली. ते दिवस उपवासकाळाचे होते आणि त्यांची प्रवचनं चालू होती. प्रवचन ऐकून डोळे पुसणारे लोक सगळीकडे भेटतात. इथे शहराने कायदाच बदलला.

सावोनारोला फेराराचा, जन्म १४५२ चा. फ्लॉरेन्समधली त्याची पहिली प्रवचनं पडली. १४९० मध्ये तो परत आला आणि पुढच्याच वर्षी सान मार्कोचा मठाधिपती झाला. १४९४ मध्ये शहरावर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला शहर सोडावं लागलं. त्यानंतर मोठी लोकसभा उभी राहिली, तिच्यामागे त्याचा जोर होता. गरिबांना गहाणावर स्वस्त कर्ज देणारी सार्वजनिक पेढीही त्याच्याच काळातली. पण ज्यू सावकारांना हाकलण्याचा ठराव त्याच लाटेत झाला, हे विसरून चालणार नाही. १४९७ मध्ये चैनीच्या वस्तूंची होळी झाली, आणि पोप अलेक्झांडर सहाव्यांनी त्याला बहिष्कृत केलं. २३ मे १४९८ ला त्याला दोन सहकाऱ्यांसह फाशी देऊन जाळलं, आणि राख आर्नो नदीत टाकली. पोपच्या दरबारातल्या भ्रष्टाचारावर तो निर्भयपणे बोलला, हे मी मनापासून मानतो. मात्र लोकांना धाकात ठेवून सुधारण्याची त्याची रीत मला पटत नाही.

आता प्रत्यक्ष पाहण्याचं. पादुआच्या बॅसिलिकात, म्हणजे अंतोनींची कबर असलेल्या मोठ्या चर्चमध्ये, तिकीट लागत नाही. कबरीच्या दगडावर हात टेकून उभे असलेले भाविक, अंतोनींची जतन केलेली जीभ, शिल्पकार दोनातेल्लोची वेदीवरची ब्रॉन्झशिल्पं, असं सगळं आहे, पण गर्दीही आहे. सान मार्को आता संग्रहालय आहे. फ्रा अँजेलिकोने खोल्याखोल्यांत काढलेली भित्तिचित्रं, सावोनारोलाच्या खोल्या आणि त्याच इमारतीत मठाचा आश्रयदाता कोझिमो मेदिची याची खोली. चित्रकलेची ओढ असणाऱ्याने दुसरा विचारच करू नये.

घरातली भाविक किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील, तर पादुआच. इतिहास आणि चित्रं हवी असतील, तर सान मार्को, पण उघडण्याच्या वेळा आधी पाहून जा. दोन्हींची ओढ सारखीच असेल, तर मी पादुआला उतरायला सांगेन, त्या कायद्यासाठी. शिवाय फ्लॉरेन्सला तुम्ही जाणारच आहात. तिथे सिन्योरिया चौकातून जाताना, सावोनारोलाला जिथे जाळलं त्या जागी जमिनीत गोल दगडी फलक आहे, तेवढा जरूर पाहा.