बारा पिल्लं, एकोणीस महिने: कोईच्या पेटीचा अनुभव

कोईची, म्हणजे रंगीत जपानी माशांची, पिल्लं कशी निघाली हे पेटी उघडल्याच्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. मी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याबाहेरच्या एका छोट्या फार्मवरून चार-चार इंचांची बारा पिल्लं आणली, आणि त्यांच्याबद्दल आज, जून २०२५ मध्ये लिहितेय. मधल्या काळात दोन हिवाळे गेले. ते जाईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण फार्मवाल्या दादांनी पहिल्याच दिवशी "दोन हिवाळे जाऊ द्या" असं सांगितलं होतं. यात एक-दोन तक्रारीही आहेत, म्हणून फार्मचं नाव लिहीत नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो. घरामागे आठ फूट लांब, पाच फूट रुंद आणि चार फूट खोल अशी सिमेंटची टाकी आहे, साधारण साडेचार हजार लिटरची. पाणी बोअरचं, चांगलंच जड. मी फोन करून भाव विचारला, तेव्हा दादांनी भाव सांगितलाच नाही. "ताई, आधी पाणी दाखवा, मग मासे दाखवतो," म्हणाले. टाकीचा आणि फिल्टरचा फोटो मागवला, अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट घ्यायला लावलं. फिल्टर नवा होता. त्यात जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, हे त्यांनी मला फोनवर दोनदा समजावलं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो, एक जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिल्या दोन्ही गोष्टी पिल्लांना मारतात. आमच्यासारख्या जड, अल्कधर्मी पाण्यात तर अमोनिया जास्तच जाळतो. पाच आठवडे मी रोज संध्याकाळी काचेच्या नळीतला रंग बघत बसायचे. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आले तेव्हा त्यांनी "या आता" म्हटलं. विक्री पाच आठवडे लांबवणारा माणूस मला या धंद्यात दुसरा भेटलेला नाही, आणि या फार्मला मी देणाऱ्या गुणांतले निम्मे त्या पाच आठवड्यांसाठीच आहेत.

फार्मवर एका बाजूला सायप्रिनसचं, म्हणजे साध्या कार्पचं, तळं आहे, खायच्या माशाचं. कोई हे त्याच कुळातलं. दोघांच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, गोल्डफिशला त्या नसतात. जपानच्या निइगाता प्रांतातल्या डोंगरी खेड्यांत, यामाकोशी आणि ओजिया भागात, भातशेतीवाल्यांनी खायला पाळलेल्या कार्पमध्ये मधूनच एखादा रंगीत निघायचा. तो बाजूला ठेवून ठेवून ही जात घडली. १९१४ च्या तोक्योच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग ते डोंगराखाली सगळीकडे पसरले. हे वाचून मी गेले होते, पण सायप्रिनसच्या तळ्याशेजारी उभं राहून शेवाळी पाण्यातून वर येणारं पांढरं-तांबडं तोंड पाहिलं तेव्हा ते खरं कळलं.

निवड करायला दादांनी पिल्लं निळ्या टबात काढून दिली. माझी नजर कोहाकू जातीच्या एका पिल्लावर गेली. दुधासारखं पांढरं अंग, पाठीवर डाळिंबी लाल रंगाचे तीन ठसे, कडा जणू कोरून काढलेल्या.

"ताई, हा घेऊ नका. हा आत्ताच पूर्ण झालाय. याला पुढं जायला जागा नाही."

मी घेतलाच. माझ्या वहीत तो नंबर तीन. मग त्यांनी स्वतः एक पिल्लू काढून दाखवलं. राख फासल्यासारखं, मळकट, मधे कुठेतरी फिकट केशरी. तो शोवा होता, काळ्या-लाल-पांढऱ्या जातीचा, नंबर सात. "याची शाई अजून खाली आहे," म्हणजे काळा रंग अजून कातडीखाली आहे, एवढंच म्हणाले. खरं सांगायचं तर मी तो त्यांचं मन राखायला घेतला.

भाव: एका पिल्लाला साडेचारशे, बारांचे पाच हजार चारशे, पेटी आणि गाडीभाडं सहाशे. पॅकिंग उत्तम. दोन दिवस उपाशी ठेवलेले मासे, दुहेरी पिशवी, ऑक्सिजन, थर्माकोलची पेटी. पिशवी वीस मिनिटं टाकीवर तरंगत ठेवायची, मग मासे जाळ्यानं काढून सोडायचे, पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही, अशी चिठ्ठी पेटीवर चिकटवलेली. अक्षर त्यांचंच असावं.

आता रंगाबद्दल, कारण त्यासाठीच हे सगळं.

मी दर महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक माशाचा वरून फोटो काढते. पहिले तीन महिने पांढऱ्या टबात काढले, आणि माझ्या लक्षात येईना की काळा रंग दर वेळी कमी का दिसतोय. फोन केल्यावर कळलं, मासा तळाच्या रंगाप्रमाणे आपल्या कातडीतला काळा आवळतो किंवा पसरतो. पांढऱ्यात ठेवला की काही मिनिटांत फिका पडतो. म्हणून बघायचा टब निळा असतो आणि टाकीचं तळ गडद हवं. मी टाकी आतून काळी करून घेतली, ते खाद्याच्या कुठल्याही पिशवीपेक्षा जास्त उपयोगी पडलं.

नंबर तीन वर्षभर आमच्या घराचा लाडका होता. पाहुणे आले की आधी तोच दाखवायचा. पण पिल्लू चार इंचांवरून चौदा इंचांवर जातं तेव्हा लांबी साडेतीन पट होते आणि कातडीचं क्षेत्र साधारण बारा पट. जेवढा रंग आहे तो तेवढ्या अंगावर पुरवायचा असतो. नंबर तीनच्या रंगात ती शिल्लक नव्हती. मागच्या पावसाळ्यात डोक्यावरच्या लाल ठशात दोन पांढऱ्या खिडक्या उघडल्या, मग मधल्या ठशाचे खवले एकेक करून फिके पडले. आज तो पांढरा मासा आहे, शेपटीजवळ केशरी पुसट पट्टा असलेला. नंबर एक हाही कोहाकूच, पण पहिल्या दिवशी त्याचा रंग पळसाच्या कळीसारखा, लालपेक्षा केशरीकडे झुकणारा होता. ठशांची पुढची कड धूसर होती, कारण तिथल्या लाल खवल्यांवर पुढचे पांढरे खवले चढलेले असतात आणि आतला लाल गुलाबीसर दिसतो. तेव्हा ते मला दोष वाटलं होतं. तो लाल दर महिन्याला जाड होत गेला. आता त्या कडेची धूसरता जवळजवळ गेलीय आणि ठसा मागे चांगला पसरलाय. दोघांचे एकोणीस-एकोणीस फोटो शेजारी ठेवून पाहिले की पिल्लू कसं निवडायचं ते मला कुणी सांगावं लागत नाही.

नंबर पाच सांके, लाल-पांढऱ्यावर काळे ठसेही येणाऱ्या जातीचा. पांढऱ्यावर लाल, आणि पाठीच्या दोन जागी कातडीखाली निळसर सावली, जणू कुणी आतून टाक टेकवलाय. वर्षभर ती सावली तशीच. डिसेंबर २०२४ मध्ये पाणी अठरा अंशांवर उतरलं आणि दहा-बारा दिवसांत ती काळी होऊन वर आली. थंडी काळा उठवते, जड पाणीही उठवतं, असा कोई पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. निइगाताचं पाणी बर्फ वितळून आलेलं मऊ असतं, त्यामुळे तिथून जड पाण्यात गेलेल्या माशाचा काळा कधी कधी झपाट्यानं चढतो. आमच्या बोअरच्या पाण्याला मी इतकी वर्षं गिझर खराब करतं म्हणून नावं ठेवली. नंबर पाचसाठी तेच पाणी कामी आलं.

आणि नंबर सात. शोवा ही जात १९२७ मध्ये सुरू झाली, काळ्या-पिवळ्या उत्सुरी आणि कोहाकूच्या जोडीतून. हिची पिल्लं अंड्यातून काळपट निघतात आणि पुढं काळा एकदा विरून पुन्हा वर येतो, म्हणून पहिलं वर्ष शोवा ओळखूच येत नाही. मे महिन्यात पाणी एकोणतीस अंशांवर गेलं तेव्हा नंबर सात इतका फिका झाला की सासूबाई म्हणाल्या, "हा आजारी आहे का गं?" ऑगस्टपासून राखेत रेषा दिसायला लागल्या. जानेवारीच्या एक तारखेला मी टब भरून त्याला काढला आणि डोक्यावरून डाव्या गालावर उतरणारा एक काळा पट्टा होता, ओल्या काजळासारखा चकचकीत, मागच्या फोटोत ज्याचा मागमूस नव्हता. मी तो फोटो सकाळी साडेसात वाजता दादांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "उजवा पर बघत राहा." छातीजवळच्या परांचं मूळ तेवढं काळं राहून बाकी पर पांढरा व्हावा, असं चांगल्या शोवात होतं. डावा झालाय. उजवा अजून अर्धा काळा आहे.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. दोन ओगोन, म्हणजे एकाच चकचकीत रंगाचे, एक पिवळा, एक रुपेरी, पहिल्या दिवशी होते तसेच आहेत, फक्त मोठे. ज्यांना वाट बघायची नाही त्यांनी तेच घ्यावेत. नंबर नऊ चागोई, चहाच्या रंगाचा, बदामी-तपकिरी. बारांत एक चागोई हवाच असं दादांनी आग्रहानं सांगितलं, कारण तो सगळ्यात आधी माणसाळतो आणि बाकीच्यांना पाण्याच्या वर आणतो. झालंही तसंच. सोळा इंच झालाय, लेकीच्या तळव्यातून खातो.

खाद्याबद्दल माझी तक्रार आहे. पेटीबरोबर रंग वाढवणाऱ्या खाद्याची एक किलोची पिशवी दिली, स्पिरुलिना हे निळं-हिरवं शेवाळ असलेली. मासा लाल रंगद्रव्य स्वतः बनवू शकत नाही, ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि स्पिरुलिनातल्या द्रव्याचं रूपांतर कोई आपल्या अंगात लालमध्ये करतो. तेव्हा खाद्य खोटं नाही. पण पिशवीवर "रोज तीन वेळा" लिहिलेलं होतं, आणि मी तसंच दिलं. दोन महिन्यांत सगळ्यांच्या पांढऱ्यावर हळदुवी छटा आली, कोहाकूच्या डोक्यावर तर स्पष्ट. बंद केल्यावर पांढरा परत यायला तीन महिने गेले. आता चार दिवस साधं खाद्य, एक दिवस रंगाचं, आणि पाणी गरम असेल तेव्हाच. हे पिशवीसोबत तोंडी तरी सांगायला हवं होतं.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. पहिल्या आठवड्यात दोन माशांच्या परांजवळ दोऱ्यासारखे किडे दिसले, अँकर वर्म. म्हणजे फार्मवर मासे विकण्याआधी वेगळे ठेवून पाहिले नव्हते. चिमट्यानं किडा काढला तरी पाण्यातली त्याची पिल्लं राहतात, त्यामुळे औषध आठवड्याच्या अंतरानं पुन्हा पुन्हा द्यावं लागलं. दादांनी फोनवर चूक मान्य केली, औषधाचे पैसे घेतले नाहीत. तरी तुम्ही मासे कुठूनही आणा, तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. मी आता पाचशे लिटरची प्लास्टिकची टाकी त्यासाठी ठेवलीय, दीड किलो खडे मीठ घालून.

नंबर चार आणि नंबर बारा आज नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये वळवाच्या पावसात रात्री सहा तास वीज गेली, पंप बंद, पाणी गरम. बॅटरीचा हवा पंप घ्या हे दादांनी दोनदा सांगितलं होतं आणि मी पगाराची वाट बघत होते. पहाटे दोघं काठाशी उलटे होते. बारा नंबरचा फक्त पाच महिन्यांचा फोटोसंग्रह आहे माझ्याकडे. बॅटरीचा पंप त्याच दिवशी आणला.

वरून जाळी घालायलाच हवी. आमच्याकडे वंचक आणि खंड्या दोन्ही येतात. वंचक तासभर काठावर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि त्याला पिल्लांचा रंग फार लांबून दिसतो.

पाचपैकी चार गुण. एक गुण किड्यांचा गेला. दहा मोठे कोई साडेचार हजार लिटरमध्ये राहणार नाहीत, दर माशाला साधारण हजार लिटर हवं, म्हणून गणपतीनंतर पाच परत देणार आहे. दादा परत घेतात, निम्म्या भावात नव्या पिल्लांशी बदलून देतात. कोणते पाच, हे मी अजून ठरवलेलं नाही. नंबर तीन मात्र त्यांत नाही, तो आमच्याकडेच राहणार.

फार्म ओळखला असेल आणि जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, तिरप्या उन्हात कातडीची चमक खरी दिसते. पाण्याचे आकडे लिहून न्या, नाहीतर ते मासे दाखवणार नाहीत. सोमवारी बंद.